‘गाव कोणतं तुमचं?’ : मराठी गद्यातलं अवघडलेपण

१९७८ च्या जून महिन्यात मी शिकायला पुण्यात आलो आणि एका वाड्यातल्या माडीवरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहू लागलो. खोलीत दोन कॉट होत्या. दुसऱ्या कॉटवर जो मुलगा होता त्याच्याबरोबर मी चार महिने काढले. तो अबोल होता. माझ्या माठातलं पाणी त्यानं कधी घेतलं नाही; उशाशी स्वतःचा तांब्या भरून ठेवायचा. त्याची पत्रं खोलीवर येत नसत, कॉलेजच्या पत्त्यावर येत. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘गाव कोणतं तुमचं?’ त्यानं तालुक्याचं नाव सांगितलं. पुढे कधीतरी पुन्हा विषय निघाला तेव्हा जिल्ह्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी हसला आणि टॉवेल घेऊन खाली गेला.

मी तेव्हा नुकतीच ‘कोसला’ वाचली होती. हा मुलगा मला पुस्तकातून उठून आल्यासारखा वाटला. कॉलेजच्या वार्षिकासाठी मी एक लेख लिहिला : मराठी कादंबरीतला परात्म नायक. नाव न घेता या मुलाचं वर्णन मी त्यात उदाहरणादाखल घातलं होतं. लेखाला बक्षीस मिळालं. दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी मुलगा न सांगता खोली सोडून गेला. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘बरं झालं. आडनावावरून काही पत्ता लागत नव्हता.’

या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कळला, पण माझ्या लेखाशी त्याचा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही. प्रस्तुत लेख हा तो संबंध उशिरा का होईना जोडून पाहण्याचा प्रयत्न आहे.

१

माणसामाणसांतल्या रोजच्या भेटीत जे काही मनात चोरून दुखतं, त्यासाठी मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. संकोच माझा मला वाटतो. भीड मात्र समोरच्याची पडते. ती त्याचं माझ्यावरचं वजन आहे. म्हणूनच भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. ओशाळणं हे पकडलं गेल्यानंतरचं. चारचौघांच्या बोलण्यात आपण उगाचच आहोत असं वाटलं की माणूस कानकोंडा होतो. यांतला मला सर्वांत नेमका वाटणारा शब्द ‘अवघडणं’ हा आहे. तो आधी शरीराचा शब्द आहे. एकाच बैठकीत फार वेळ बसलं की पाय अवघडतो. म्हणजे अवघडलेपणात आतल्या एकाकीपणापेक्षा एक धरून ठेवलेली बैठक महत्त्वाची असते. ती कोणासाठी तरी धरलेली असते, आणि तो माणूस उठून जाईपर्यंत सोडता येत नाही.

इतका बारकावा भाषेत असताना आपल्या समीक्षेनं मात्र साठच्या दशकापासून या सगळ्यासाठी एकच कप्पा वापरला. कधी त्यावर ‘परात्मता’ लिहिलं, कधी ‘तुटलेपण’, कधी ‘अस्तित्ववादी एकाकीपण’. काम्यूची १९४२ ची कादंबरी आणि तिचा नायक हा मापदंड झाला. मराठी पात्र दुसऱ्या माणसासमोर गप्प बसलं की त्याला त्या मापानं मोजायचं, अशी सवय लागली. ती सवय मलाही होती. तिच्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला : हा माणूस नेमका कोणासमोर गप्प बसला आहे?

२

युरोपीय समाजशास्त्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं विचारला गेला. गेओर्ग झिमेलनं १९०८ च्या आपल्या ग्रंथात एक साधं निरीक्षण नोंदवलं आहे. एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे आणि ट्राम आल्या, त्याआधी एकमेकांशी न बोलता मिनिटंच्या मिनिटं, तासन् तास एकमेकांकडे बघत बसण्याची पाळी माणसांवर आलीच नव्हती. आधुनिक अस्वस्थतेचं एक मूळ त्याला तिथे दिसलं. पुढे अर्व्हिंग गॉफमननं १९६३ मध्ये या अस्वस्थतेवर शहरानं शोधलेला उपाय सांगितला. रस्त्यात अनोळखी माणूस समोर आला की आपण क्षणभर त्याच्याकडे बघतो, त्याची दखल घेतो आणि लगेच नजर काढून घेतो. ‘तू आहेस हे मला कळलं, पण मला तुझ्याविषयी काही जाणून घ्यायचं नाही’ असं सांगणारं हे सभ्य दुर्लक्ष आहे.

ही दोन्ही निरीक्षणं मुंबईच्या लोकलला लावून बघावीत. गर्दीच्या वेळी डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेच्याच हिशेबात धरलं जातं. झिमेलच्या मतानं तिथे अस्वस्थतेचा कडेलोट व्हायला हवा. प्रत्यक्षात अनोळखी माणसांत तिथे विलक्षण स्पष्ट कायदे आहेत. ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला एकच अर्थ आहे. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागितली की लोक सरकतात. घामेजलेला खांदा खांद्याला लागतो, पण कोणी अवघडत नाही. अवघडणं सुरू होतं ते त्याच डब्यात आपल्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ चढतो तेव्हा. आता हसायचं का, किती हसायचं, जागा द्यायची का, आणि दादरपर्यंत बोलायचं काय?

आपल्याकडच्या अवघडलेपणाचं केंद्र असं अर्ध्या ओळखीत आहे. याला कारणंही आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या चाळींत एकेक खोली १६० चौरस फुटांची होती आणि संडास सामायिक. वाड्यात नळ आणि जिना सामायिक. अशा घरात सभ्य दुर्लक्ष करणं जवळजवळ अशक्य. तिथे दुर्लक्षाला शिष्टपणा म्हणतात आणि चौकशीला आपुलकी. गॉफमनच्या शहरात न विचारणं ही सभ्यता आहे. आपल्या जिन्यात विचारणं ही सभ्यता आहे. ‘काय, जेवलात का?’ इथून सुरू होणारी ही विचारपूस ‘गाव कोणतं?’ इथे कधी पोचते ते विचारणाऱ्यालाही कळत नाही.

३

या विचारपुशीचा जाच मराठी मध्यमवर्गीय लेखकांना जाणवला नव्हता असं नाही. पण त्यांनी तो बहुतेक वेळा विनोदात मांडला. पु. ल. देशपांडे यांचा ‘मी आणि माझा शत्रुपक्ष’ हा लेख आठवावा. नवं घर दाखवणारा, फोटोंचा अल्बम पुढे करणारा, अशा यजमानांच्या तावडीत सापडलेल्या माणसाची ती कैफियत आहे. वाचक खळखळून हसतो, कारण ही कोंडी त्यानं सोसलेली असते. बारकाईनं पाहिलं तर तो लेख भिडेचा अभ्यास आहे. पाहुण्याला उठता येत नाही, कंटाळा दाखवता येत नाही. चेहरा धरून बसावं लागतं. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात तर हसू ओसरून गेलं आहे, आणि जी चौकशी डोक्यावर बसली होती तीच गमावल्याची हुरहुर मागे उरली आहे.

पुलंच्या या लेखनाला मी कमी लेखत नाही. अवघडलेपणाचं इतकं नेमकं टिपण दुसऱ्या कोणी क्वचितच केलं असेल. पण त्या हसण्याला एक अट आहे. यजमान आणि पाहुणा दोघंही उद्या सकाळी पुन्हा समोरासमोर येणार आहेत आणि दोघांचंही काही बिघडणार नाही, ही खात्री त्या हसण्याच्या मुळाशी आहे. जिथे ही खात्री नसते तिथे ते हसू येत नाही. मराठी गद्यात अशी जागा कुठे येते, हे शोधायचं तर १९६३ या वर्षाकडे वळावं लागतं.

४

१९६३ मध्ये ‘कोसला’ आली. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. आणि वर उल्लेखलेल्या पुस्तकाबरोबरच गॉफमनचं आणखी एक पुस्तक त्याच वर्षी निघालं, लांच्छनाविषयीचं. हा नुसता योगायोग आहे, पण उपयोगी आहे.

‘कोसला’ पहिल्या पुरुषी निवेदनात आहे. ती सुरू होते तीच मुळी निवेदकानं आपलं नाव आणि वय सांगून. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात येतो. तिथली मुलं, त्यांची मंडळं, भाषणं, मेस, सगळ्यांत तो असतो आणि कशातच नसतो. माणसांच्या बोलण्यातला पोकळपणा त्याला इतका ऐकू येतो की आपण बोललेलंही त्याला परकं वाटू लागतं. ही मराठी कादंबरीतली अस्सल घटना होती आणि आजही आहे. माझं म्हणणं एवढंच, की सांगवीकरला आपलं नाव सांगताना धोका नाही. त्याच्या आडनावातच त्याचं गाव आहे, गावाकडे शेतीवाडी आहे, आणि पुण्यात सगळं फसलं तरी परत जायला ते गाव आहे. जगाशी त्याचं जमत नाही. पण जगानं त्याची ओळख मागितली तर ती देण्याची भीती त्याला नाही.

बागुलांच्या शीर्षककथेतला निवेदक रेल्वेतल्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. नव्या गावात त्याला आधी खोली हवी असते. खोलीसाठी जात विचारली जाते आणि तो ती सांगत नाही. मुंबईचा माणूस, नव्या विचारांचा, कविता करणारा, म्हणून लोक त्याला मान देतात. सहकारी घरी बोलावतात. वाचताना आपल्याला प्रत्येक प्रेमाच्या शब्दाबरोबर धास्ती वाटत राहते. ज्या घरात त्याचा आदर होतो तिथेच तो सर्वांत जास्त अवघडलेला असतो. त्याच ठिकाणी काशीनाथ नावाचा दुसरा कामगार आपली जात उघड सांगून रोज भांडण ओढवून घेतो. निवेदक त्याच्याकडे बघतो आणि गप्प राहतो. शेवटी बिंग फुटतं आणि पाहुणचार करणारेच हात त्याच्यावर पडतात. सोडवायला काशीनाथ येतो. मार खाल्ल्यावर निवेदक त्या माणसांना दोष देत नाही. आपल्याला मारलं ते मनूनं, असं त्याचं म्हणणं आहे.

या कथेचं शीर्षक मी अनेक वर्षं नुसतं धक्कादायक म्हणून वाचलं. त्यातल्या क्रियापदाकडे लक्ष गेलं नव्हतं. जी गोष्ट आपलीच आहे ती न सांगणं ही चोरी कशी? पण मराठीत ‘चोरणं’ म्हणजे नुसतं दुसऱ्याचं उचलणं नाही. आपण नजर चोरतो. गर्दीत अंग चोरून उभे राहतो. म्हणजे जे आपलंच आहे ते आखडून घेतो, त्याची जागा कमी करतो. जात चोरणं हे अंग चोरण्यासारखं आहे. पहिल्या भागात मी ‘अवघडणं’ या शब्दात जी धरून ठेवलेली बैठक पाहिली, तीच ही. फरक एवढाच, की पुलंचा पाहुणा उठून घरी गेला की पाय मोकळे करतो. बागुलांच्या निवेदकाला खोलीत एकटा असतानाही ते शक्य नाही, कारण ती खोलीच त्या बैठकीवर मिळालेली आहे.

गॉफमननं लांच्छनाविषयीच्या पुस्तकात नेमका हाच भेद केला आहे. ज्याचं वेगळेपण सर्वांना दिसतं त्याला भेटीतला ताण सांभाळावा लागतो. ज्याचं अजून कळलेलं नाही त्याला माहिती सांभाळावी लागते : कोणाला किती सांगायचं, केव्हा, आणि कोणाला मुळीच नाही. काशीनाथ पहिला आहे, निवेदक दुसरा. गॉफमनपुढे अमेरिकन समाज होता आणि बागूल लिहीत होते ते स्वतःच्या समाजाच्या अनुभवातून. दोघांच्या लेखनात दुवा असण्याचं कारण नाही. तरीही माहिती सांभाळण्याचा जो थकवा समाजशास्त्रज्ञ प्रकरणं पाडून सांगतो, तो बागूल एका खोलीच्या शोधातून दाखवतात.

आता आपल्या समीक्षेची अडचण लक्षात यावी. ‘परात्मता’ हा शब्द सांगवीकरला लागू होतो. बागुलांच्या निवेदकाला तो लावला की कथा खोटी होते. तो जगापासून तुटलेला नाही. जगाला तो सहज आवडतो, जगही त्याला आवडतं. त्याचं एकटेपण त्याच्या मनात तयार झालेलं नाही. ते समोरच्या माणसाच्या एका प्रश्नात आहे.

५

हा विचार फक्त जातीपुरता आहे का? तसं मला वाटत नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या दृष्टीनं पुन्हा वाचावं. नाटकमंडळींचा एक जथा गावात प्रयोगासाठी येतो. वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला उभा राहतो आणि आरोपी होते लीला बेणारे. ही सगळी तिची अर्ध्या ओळखीची माणसं आहेत. तिच्याबद्दल त्यांना थोडंथोडं माहीत आहे, पण विचारायला निमित्त नव्हतं. खेळ ते निमित्त देतो. एरवी जे काम आपुलकी करते ते इथे खेळ करतो.

या नाटकात मला सर्वांत अस्वस्थ करणारं पात्र वकील सुखात्मे किंवा काशीकर हे नाही. ते सामंत आहे. सामंत गावातला, साधा, सालस. बेणारेविषयी त्याला काहीही माहीत नाही. साक्षीदार म्हणून उभा केल्यावर तो वाचत असलेल्या कादंबरीतलं सांगतो, आणि ते नेमकं तिच्या वर्मी बसतं. शेवटी तोच हळूच कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून जातो. अनोळखी माणसाच्या मनात दुष्टावा नव्हता. तरी त्याच्या निष्पाप शब्दानं तिचं झाकलेलं उघडं पडलं. सामंतामुळे तेंडुलकरांनी एक गोष्ट स्पष्ट केली : अशा भेटीत इजा होण्यासाठी विचारणारा वाईट असावा लागत नाही.

अलीकडच्या गद्यात श्याम मनोहरांनी या भेटीची दुसरी बाजू उघडली. त्यांच्या कादंबऱ्यांत माणसं घरात, पाहुण्यांत, ऑफिसात एकमेकांशी अगदी सामान्य बोलत असतात, आणि त्याच वेळी समोरच्याविषयी जे क्षुल्लक, कधी क्षुद्र विचार मनात येतात ते लेखक कसलीही रंगसफेदी न करता कागदावर मांडतो. वाचकाला हसू येतं, पण पुलंच्या वाचकासारखं मोकळं नाही. आपलंच कोणी ऐकलं की काय, असं वाटतं. इथे प्रथम विचारणाऱ्याचं मन दिसू लागलं. समोरच्याला कुठे ठेवायचं हे ठरल्याशिवाय या माणसांना चैन पडत नाही. तेही अवघडलेले आहेत.

यावरून मला जे म्हणायचं आहे ते असं. दोन माणसांच्या भेटीतलं अवघडलेपण दोघांत मिळून एकच असतं. समोरचा कोण हे कळलं नाही, तर त्याच्याशी अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, पाणी द्यायचं ते कोणत्या भांड्यातून, हे विचारणाऱ्याला ठरवता येत नाही. तो प्रश्न विचारतो आणि आपल्या वाट्याचं ओझं दुसऱ्याकडे सरकवतो. उत्तर आलं की तो मोकळा होतो. आपल्या साहित्यविचारानं अवघडलेल्या नायकाच्या मनात खोल उतरून पाहिलं, पण प्रश्न कोणी विचारला आणि तो विचारून कोण मोकळा झाला, याची नोंद क्वचितच ठेवली.

यावर आक्षेप घेता येईल, की असं वाचलं तर माणसाच्या मनातलं सगळं गूढ समाजशास्त्राच्या खात्यावर जमा होईल. काही परकेपणाला कारण नसतं. फ्रॉइडनं १९१९ च्या निबंधात स्वतःची हकीकत दिली आहे. रेल्वेच्या डब्यात गाडीच्या हिसक्यानं दार उघडलं आणि घरगुती झग्यातला एक म्हातारा आत येताना दिसला. चुकून आला असेल म्हणून त्याला सांगायला फ्रॉइड उठला, तर ते आरशातलं त्याचंच प्रतिबिंब होतं, आणि तो चेहरा त्याला मुळीच आवडला नाही. असा क्षण कोणालाही, कुठेही येऊ शकतो. त्याला जात नाही, गाव नाही. आक्षेप मला मान्य आहे. सांगवीकरचं दुःख याच जातीचं आहे आणि ते खरं आहे. माझा आग्रह एवढाच, की पात्र गप्प बसलेलं दिसलं की आधी विचारावं : बोललं तर याचं काय जाईल? झोप जाणार असेल तर तो एक प्रकार. नाव जाणार असेल तर दुसरा. खोली जाणार असेल तर तिसरा. तिन्हींना एकच शब्द वापरणं हा वाचनाचा आळस आहे, आणि तो आळस ज्याची खोली पक्की आहे त्यालाच परवडतो.

६

साधारण वीस वर्षांनी तो मुलगा मला पुणे स्टेशनवर दिसला. आता मुलगा नव्हता. कानाजवळ पांढरे झाले होते, बरोबर बायको आणि दोन मुली होत्या. त्यानं मला ओळखलं हे मला दिसलं. क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली. मी दोन पावलं पुढे गेलो होतो. तोंडावर ‘सध्या कुठे असता?’ हे शब्द आलेही होते. मग ध्यानात आलं, की हाही तोच प्रश्न आहे. मी थांबलो आणि स्टॉलवरची मासिकं बघत उभा राहिलो. त्यांची गाडी आली, ते गेले. त्याला मोकळं सोडलं की बोलायची वेळ आली तेव्हा अंग चोरलं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

हा लेख लिहिताना जुन्या वार्षिकाचा तो अंक काढून पाहिला. कागद पिवळा पडला आहे. माझ्या त्या लेखाच्या शेवटी, त्या मुलाच्या वर्णनानंतर, मी लिहिलं होतं की असा माणूस कुठलाच नसतो, त्याला गाव नसतं. बक्षीस बहुधा याच वाक्याला मिळालं असावं. ते वाक्य दुरुस्त करायला हवं. त्याला गाव होतं. त्यानं ते मला सांगितलं नव्हतं, एवढंच.